अकरा गाठी

नववी गाठ सोडताना माझं दुसरं नख तुटलं, तरीही मी खूश होते.

मोरदऱ्याच्या शाळेच्या व्हरांड्यात मी मांडी घालून बसले होते. शेजारी गरम पाण्याची बादली, हातात दाभण आणि पुढ्यात बायजाक्काचा, मोजण्यासाठी मागून आणलेला, पाणी शेंदायचा दोर. तो एकसंध दोर नव्हताच. आधी काथ्या, त्याला जोडलेली अंबाडी, तिला निळं नायलॉन, बरंच पुढे इरकली लुगड्याचा पिळलेला काठ, असे एकापुढे एक बारा तुकडे आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या अकरा गाठी. सकाळी तालुक्याला जाताना डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "शालन, दोर नीट मोजून ठेव. प्रत्येक तुकडा वेगळा."

वेगळा म्हणजे या गाठीपासून त्या गाठीपर्यंत, हे कुणाही शहाण्याला कळलं असतं. पण मी नुसती शहाणी नव्हते, दीड शहाणी होते. एम. एस्सी.ला पहिला वर्ग, त्यात स्वभाव टापटिपीचा. गाठीत अडकलेली तेवढी वीतभर लांबी मोजायची राहणार, हे मला खुपायला लागलं. शिवाय गुंता दिसला की माझे हात शिवशिवतात, ते वेगळंच.

गाठी कसल्या, दगड होते ते. वर्षानुवर्षं भिजून, वाळून, बादलीच्या ओझ्यानं आवळत गेलेले. गरम पाणी ओतायचं, दाभण खुपसायचं, प्रसंगी दात लावायचे. नवव्या गाठीत तो लुगड्याचा काठ होता. बाहेरून अगदी मातकट. गाठ सुटली आणि आतला वीतभर भाग हिरवागार निघाला, कालच दुकानातून आणल्यासारखा. मला मोठी मौज वाटली. दुपारी चारच्या सुमाराला अकराही गाठी सुटल्या. बारा तुकडे ओळीनं मांडून मी प्रत्येकाला चिठ्ठी बांधली, लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिली, आणि आता शाबासकी कधी मिळते याची वाट बघत बसले.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या मे महिन्यातली. मोरदरा हे माणदेशातलं गाव, चार महिने पाणी आणि आठ महिने पाण्याच्या गोष्टी. गावाच्या खालच्या अंगाला दारूचा मोठा कारखाना येऊ घातला होता. त्याला रोज लाखो लिटर पाणी लागणार होतं आणि ते जमिनीतूनच उपसायचं होतं. कारखान्यानं कागदपत्रं पक्की केली होती. गावाच्या पाण्याची पातळी गेल्या दहा वर्षांत खाली गेलेली नाही, असा एक अहवाल त्यांच्याकडे होता. शुक्रवारी जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टरसाहेबांपुढे सुनावणी होती. परवानगी मिळाली असती, तर गावचा एकुलता एक पिण्याचा आड दोन उन्हाळ्यांत आटला असता, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं. पण म्हणण्याला पुरावा लागतो, आणि गावच्या आडाचं पाणी आजवर कुणी मोजलंच नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणजे डॉ. विमल ओहोळ, भूगर्भशास्त्राच्या माझ्या प्राध्यापक. आज त्यांच्या नावाचं सभागृह आहे, त्यांची पुस्तकं अभ्यासाला आहेत, भिंतीवर तैलचित्र आहे. त्या चित्रातल्या बाई फार सौम्य दिसतात. खऱ्या बाई ठेंगण्या, काटक, सुती पातळाचा पदर खोचून कमरेला हातोडा लावणाऱ्या. दिवसभर खडक फोडत हिंडायच्या. आम्ही तीन आठवडे शाळेत मुक्काम ठोकला होता, आणि पहिल्या आठवड्यात आमच्या हाती काहीही लागलं नव्हतं.

मग एका सकाळी आडावर बाईंची नजर बायजाक्काच्या दोरावर गेली. त्यांनी सहज विचारलं, "आक्का, हा निळा तुकडा कधी जोडला?"

"त्यो व्हय? थोरलीचं लगीन झालं त्या साली," बायजाक्का शेंदता शेंदता म्हणाली. "पानी खाली गेलं, बादली टेकंना. मंग जोडला."

"आणि त्याच्या आधीचा?"

"त्यो म्हस मेली तवाचा."

बायजाक्का, आडनाव दडस, साठीची, उंच, घोगऱ्या आवाजाची. तिनं बादली वर घेतली आणि एकेका गाठीवर बोट ठेवत बाहत्तरच्या दुष्काळापासूनचा सगळा दोर बाईंना वाचून दाखवला. कोणत्या साली पाणी किती खाली गेलं, ते तिच्या दोरात होतं. मोरदऱ्यात दोराला तुकडा जोडतात, काढत नाहीत. पावसाळ्यात पाणी वर आलं तरी उरलेला दोर हाताला गुंडाळून घेतात, पण गाठ म्हणून सोडत नाहीत. बाई आडापासून चार हातांवर उभ्या होत्या. त्या तिथंच खाली दगडावर बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शालन, चौदा वर्षांची नोंदवही सापडली."

तर तीच नोंदवही फाडून, पानं सुटी करून, वर चिठ्ठ्या लावून मी व्हरांड्यात बसले होते. आणि समोरून बायजाक्का ताकाचा तांब्या घेऊन आली.

"बाय, ताक आनलंय, जरा गार..." एवढं बोलून ती थांबली. तांब्या तिनं पायरीवर ठेवला. तुकड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्ये कुनी केलं?"

"मी." माझा आवाज अजून थोडा अभिमानाचाच होता, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. "मोजायला सोपं पडावं म्हणून..."

"आडाच्या दोराची गाठ सोडत न्हाईत, पोरी." ती ओरडली नाही. खाली बसली आणि तो हिरवा काठ उचलून मांडीवर घेतला. "सोडली की पानी जातं. माझ्या सासूनं तिच्या सासूकडनं ऐकल्यालं. ह्यो काठ सासूच्या लुगड्याचा. ती गेली त्या साली म्या जोडला. तिनं मला सांगितलं व्हतं, मी मेल्यावर लुगडं कुनाला दिऊ नगं, दोराला लाव."

मी म्हटलं, "आक्का, मी परत बांधून देते. सगळा क्रम लिहून ठेवलाय."

"तू बांधशील गं. पर ती गाठ सासू गेली त्या साली मारल्याली कशी व्हईल?"

तिनं तुकडे घेतले नाहीत. ताकाचा तांब्याही तिथंच राहिला.

संध्याकाळच्या एस. टी.नं डॉक्टरबाई परतल्या. मी पायरीवरच उभी होते. जे झालं ते एका दमात सांगून टाकलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"किती सोडल्यास?"

"अकरा."

"म्हणजे सगळ्या."

"सगळ्या."

"लांबी अचूक घेतलीस?"

"हो बाई, मिलिमीटरपर्यंत."

"छान. म्हणजे आता आपल्याकडे बारा चिंध्यांची मिलिमीटरपर्यंत अचूक लांबी आहे."

मी रडायला लागले. बाईंनी रडू दिलं. थोड्या वेळानं मी हुंदके देत विचारलं, "आक्काला क्रम पाठ आहे. तसाच बांधला तर कुणाला कळेल?"

"मला कळेल," बाई म्हणाल्या. "तुला कळेल. ते नाटक होईल शालन, आणि मला नाटकात काम करता येत नाही." मग त्या चिठ्ठ्या लावलेल्या तुकड्यांकडे वळल्या. खाली वाकून बघितलं, पण नेहमीसारखाच हात लावला नाही. "चूक एकट्या तुझी नाही. एका दोरावर मी अख्खं गाव तोलायला निघाले होते. तू प्रबंधात एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढला असतास, तर मी वही तुझ्या अंगावर फेकली असती. आडावर किती बायका येतात?"

"तीस असतील."

"म्हणजे तीस दोर. उद्या सकाळी आडावर जायचं आणि मागायचे. पण त्याआधी तू काय केलंस ते सांगायचं."

"मी? एवढ्या बायकांपुढे?"

"मी येईन सोबत. बोलशील तू."

ही 'नेहमीसारखाच' हात न लावण्याची गोष्ट मला तीन आठवडे खटकत होती. बाई हातानं खडक फोडायच्या, चिखलात कोपरापर्यंत हात घालायच्या, पण दोराला हात लावायचा नाही. आडावर गेल्या तरी चार हात लांब उभ्या. दोर धरायचा मी, मोजायचा मी, लिहायच्या त्या. मोठ्या माणसांचं असतं काहीतरी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. खरं तर थोडा रागच धरला होता.

गुरुवारी उजाडताच आडावर गेलो. बातमी आमच्या आधीच पोचली होती. बायका रांगेत उभ्या, प्रत्येकीच्या खांद्यावर तिचा दोर, आणि मला बघताच एकेकीचा हात आपापल्या दोरावर गेला. चोर आल्यासारखा.

मी बोलले. काय बोलले ते धड आठवत नाही. एवढंच आठवतं, की मधेच मी दोन्ही हात पुढे करून तुटकी नखं दाखवली, जणू त्यानं काही भरून निघणार होतं.

"आन् आता आमचं दोर सोडाया आलीस व्हय?" पारूबाई म्हणाली. तिच्या तोंडाला गावात सगळे वचकून असत. "आक्काचा सोडलास, तिचं नशीब फुटलं. आता आमचंबी फोड. शिकल्याली मानसं तुमी, तुमाला काय! आन् कारखाना आला तर माझ्या धन्याला वॉचमनची नोकरी हाय. ती तू देनार व्हय?"

तेवढ्यात बायजाक्का आली. तिच्या खांद्यावर शेजारणीचा उसना दोर होता. तिनं आल्या आल्या आडात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "पारे, गाठ सोडली की काय व्हतं?"

"पानी जातं."

"मंग आत बघ की. पोरीनं काल सोडली. पानी आज गेलं का? चौदा वरसं आपुन एक गाठ सोडली न्हाई, एवढ्या जिवापाड जपल्या, तरी पानी वीस हातांवरनं चव्वेचाळीस हातांवर गेलं. गाठीनं ऱ्हायलं असतं, तर ऱ्हायलं नसतं?" ती माझ्याकडे वळली. "माझ्या दोराचं मला वाईट वाटलं, अजून वाटतंय. तुला शिव्या द्यायच्या त्या मी दिईन, सावकाश." मग परत पारूबाईला म्हणाली, "पर तुजा वॉचमन धनी काय राखनार गं, पारे? आटल्याला आड?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी.

"पर दोर ह्या पोरीच्या हातात द्यायचा न्हाई," पारूबाई हट्टानं म्हणाली.

"कोन देतंय? आपला दोर आपल्या खांद्यावर. आपुनच घिऊन जायाचं सायबाकडं."

बाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "सगळ्यांनी यायचं. पण आज एकेकीनं शाळेत यायचं, एकटीनं. आणि आपल्या गाठींची सालं मला सांगायची. एकीनं सांगितलेलं दुसरीच्या कानावर पडता कामा नये."

तो गुरुवार मी कधी विसरणार नाही. सव्वीस बायका आल्या. दोर त्यांनी स्वतः जमिनीवर पसरला, मी फक्त लांबून पट्टी धरली. कॅलेंडरातलं साल एकीलाही सांगता येईना आणि एकीचंही चुकेना. धाकट्याचं बारसं, दिराची वाटणी, नव्या एस. टी.ची पहिली खेप, अशा हिशेबानं गाठीमागून गाठ उलगडत गेली. एका तरुण बाईनं पाचव्या गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्या साली माझं बाळ गेलं. दोन कोस पान्याला गेल्ते, घरात तापानं फनफनत व्हतं." बाईंनी लेखणी थांबवली. मग तिला विचारून तिच्या शब्दांत ते तसंच लिहिलं. सव्वीसपैकी चोवीस जणींच्या गाठी सालासालाला जुळल्या. उरलेल्या दोघी जावा होत्या आणि एकमेकींच्या विरुद्ध काहीतरी सांगायचंच, असं त्यांचं ठरलेलं होतं. बाईंनी तेही नोंदवून ठेवलं.

बायजाक्काचे बारा तुकडे मी एका पिशवीत घातले आणि तिच्याकडे घेऊन गेले. ती म्हणाली, "सुनावनी झाल्याबिगर मी हात लावनार न्हाई. तुझ्यापाशी ठेव." म्हणून ती पिशवी माझ्याकडे राहिली.

शुक्रवारी पहिल्या एस. टी.त सव्वीस बायका, सव्वीस दोर आणि बिनदोराची बायजाक्का. कंडक्टर म्हणाला, "काय, फाशी कुनाला द्यायला निघाला?" पारूबाई म्हणाली, "लागला तर तुलाबी हाय एक."

सुनावणी वरच्या मजल्यावर होती. कलेक्टरसाहेब चाळिशीतले, कमी बोलणारे. कारखान्याचे वकील मात्र भरपूर बोलले. अहवाल वाचला, आकडे वाचले, गावाच्या विकासावर डोळे ओले केले. मग बाई उठल्या.

"अहवाल खरा आहे," बाई म्हणाल्या. वकील चमकले. "त्यात जी विहीर मोजलीय, ती पाझर तलावाच्या पायथ्याला आहे. तिला बाराही महिने पाणी असतं आणि असणारच. पण गाव त्या विहिरीचं पाणी पीत नाही. गाव पितं वरच्या आडाचं."

"मग त्या आडाची नोंद दाखवा," वकील म्हणाले. "कुठाय नोंद?"

"खाली अंगणात उभी आहे."

सगळे खाली आले. अंगणाच्या एका टोकाला मी खडूनं रेघ ओढली. सव्वीस बायकांनी आपापल्या दोराचं बादलीकडचं टोक रेघेवर ठेवलं आणि दोर सरळ पसरत नेले. साहेब पुढे निघाले, तशी बायजाक्का आडवी आली.

"सायेब, पायतान काढा. पान्याचा दोर हाय त्यो."

साहेबांनी बूट काढले, मोजेही काढले. मेच्या उन्हात फरशी चांगलीच तापली होती.

मी साल पुकारायला लागले; कोणती गाठ कोणत्या सालाची, ते येताना एस. टी.त मी प्रत्येकीला सांगून ठेवलं होतं. "अठ्ठ्याहत्तर!" सव्वीस बायका वाकल्या आणि सव्वीस बोटं गाठींवर टेकली. कुणाची गाठ वीतभर अलीकडे, कुणाची वीतभर पलीकडे, पण त्या दोन जावा सोडल्या तर ओळ एक. "ऐंशी!" पुढची ओळ. "ब्याऐंशी!" साहेब अनवाणी त्या ओळींमधून चालत होते आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा रेघेपासून लांब होती. पाणी कसं उतरत गेलं ते अंगणात पसरलं होतं. कारकून, टायपिस्ट, कामासाठी आलेली माणसं, सगळी व्हरांड्यात गोळा झाली होती.

"उत्तम बसवलंय," वकील म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. दोनच. "साहेब, माझा एकच प्रश्न. या गाठी परवा रात्री शाळेत बसून मारलेल्या नाहीत, कशावरून? या बाईंचा तीन आठवडे मुक्काम आहे तिथं. जुना दोर कापून गाठी मारायला किती वेळ लागतो?"

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी हातातल्या कागदांकडे बघितलं, आणि त्यांच्याकडे उत्तर नाही हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. बाई खोटं बोलणार नव्हत्या, आणि खरं सिद्ध कसं करायचं ते त्यांना त्या क्षणी सुचत नव्हतं.

मला सुचलं. मला, कारण मी मूर्खपणा केला होता.

"साहेब, मी सांगते," मी म्हटलं. पिशवी उपडी केली आणि बारा तुकडे फरशीवर टाकले. "हा बायजाबाईंचा दोर. याच्या गाठी मी सोडल्या. सोडायला नको होत्या, मी चूक केली. अकरा गाठींना मला सकाळपासून चारपर्यंत वेळ लागला. दाभण लागलं, उकळतं पाणी लागलं, ही दोन नखं गेली. आता हा काठ बघा."

साहेब खाली बसले. मी तो लुगड्याचा काठ त्यांच्या हातात दिला. सगळा मातकट, आणि टोकाशी वीतभर हिरवागार.

"गाठीच्या आत ऊन जात नाही साहेब. जितका भाग आत होता, तेवढ्याचा रंग राहिला. हे नायलॉन बघा. बाहेर पांढुरकं, आत निळं. आणि हा शेवटचा तुकडा, गेल्या वर्षी जोडलेला. याच्यात आतबाहेर फारसा फरक नाही. परवा रात्री मारलेल्या गाठीत हे कसं येईल?"

साहेबांनी एकेक तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला. वकील म्हणाले, "हा एकच दोर. बाकीच्यांचं काय?"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "आणखी एक गाठ सोडून बघावी लागेल. कुणाची?"

सव्वीस बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी खाली मान घातली. दुसऱ्यांदा मागायचं तोंड मला नव्हतं. आणि मग पारूबाई पुढे आली. तिनं आपला दोर उचलून वकिलांपुढे धरला.

"माझी सोडा. तुमीच सोडा, वकीलसायेब. रातीत मारल्याली असंल तर सुटंल की झटक्यात."

वकिलांनी बोटं लावली, ओढलं, घाम पुसला आणि शिपायाला बोलावलं. शिपायानं कपाटातून दाभण आणलं. मग चहाचं उकळतं पाणी आणलं. वीस मिनिटं आम्ही सगळे एका गाठीकडे बघत उभे होतो. सुटली तेव्हा आतून लालचुटूक खण निघाला, आणि व्हरांड्यातल्या एका टायपिस्ट बाईच्या तोंडून "अगं बाई!" असं मोठ्यानं निघून गेलं.

"माझ्या पैल्या चोळखनातला ऱ्हायल्याला तुकडा," पारूबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "सात वरसांनी दिसला."

साहेबांनी बूट घातले नाहीत. अनवाणीच उभे राहून ते म्हणाले, "कारखान्याला पाणी उपसायची परवानगी मिळणार नाही. लेखी आदेश आठ दिवसांत निघेल." मग बाईंना म्हणाले, "डॉक्टर, ही नोंद कुणाच्या नावानं फायलीत घेऊ?"

"सव्वीस नावं आहेत," बाई म्हणाल्या. "सत्तावीस. लिहून घ्या."

पुढे तो शोधनिबंध छापून आला, तेव्हाही निरीक्षक म्हणून ती सत्तावीस नावं त्यात होती. बाईंचं नाव त्यांच्या खाली होतं.

बायकांनी काय गलका केला म्हणून सांगू! कुणी दोर गुंडाळतंय, कुणी हसतंय, कुणी उगाच रडतंय. बायजाक्का मात्र फरशीवर बसली आणि तिनं बारा तुकडे ओळीनं मांडले. काथ्या आणि अंबाडीची टोकं एकत्र धरली.

"बाई, हिकडं या. पैली गाठ तुमी मारा."

डॉक्टरबाई जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं, आता तरी हा मोठेपणा सोडा की.

"आक्का, मी कोण ते तुला माहीत आहे?" बाईंनी हळू विचारलं.

"आडनाव पैल्याच दिशी इचारलं व्हतं म्या," बायजाक्का म्हणाली. "तुमी चार हात लांब हुबं ऱ्हायचा, त्ये बी बघत व्हते. तीन आठवडं बघितलं आन् गप ऱ्हायले. ती माझी चूक. पोरीनं तिची चूक सगळ्यांपुढं सांगितली. म्हनलं, आपुनबी सांगावी."

दोर गुंडाळणारे हात थांबले होते.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या गावच्या आडावर आई घागर घेऊन खाली बसायची. कुणी शेंदून ओतेल तेव्हा ओतेल. मला बजावलेलं होतं, दोराला हात लावायचा नाही. पुढे मी कायदा वाचला, इतिहास वाचला, पाण्यावर डॉक्टरेट केली. सगळं मला पाठ होतं. हाताला पाठ नव्हतं." मग त्या खाली बसल्या आणि खडक फोडणाऱ्या त्या दणकट बोटांनी पहिली गाठ मारली. अशी आवळली, की बायजाक्का म्हणाली, "आता ही कुनाच्या बापाला सुटायची न्हाई."

तीन आठवडे मी बाईंवर जो राग धरला होता, त्याची मला इतकी लाज वाटली की अकरा गाठी सोडल्याचीसुद्धा तेवढी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. उजाडताच बायजाक्का शाळेत येऊन बाईंना आडावर घेऊन गेली. रांग लागलेलीच होती. पारूबाई पुढे होती, ती बाजूला झाली. बाईंनी पदर खोचला, आडाच्या काठावर पाय रोवला आणि बादली सोडली. बायजाक्काचा पुन्हा जोडलेला दोर त्यांच्या हातातून सरसरत गेला. काथ्या, अंबाडी, नायलॉन, हिरवा काठ, एकामागून एक गाठ बोटांवरून खाली उतरली. चव्वेचाळीस हातांवर बादली टेकल्याचा आवाज आला. बाई शेंदायला लागल्या. सवय नव्हती, धाप लागली, पण कुणाला हात लावू दिला नाही. बादली काठावर आली तेव्हा अर्धीअधिक भरलेली होती.

बाईंनी ती उचलली आणि घागर शोधायला इकडेतिकडे बघितलं. बायजाक्कानं घागर पुढे केली नाही. ती खाली पायरीवर बसली आणि तिनं ओंजळ वर धरली.

"वता बाई," ती म्हणाली. "लई तान लागलीया."